पाणी न पिणारं कापड

सोलापुरात थंडी पडते म्हणजे जानेवारीत पंधरा दिवस पहाटे पंखा बंद करावा लागतो. यापलीकडे आम्ही त्या विषयावर फारसं बोलत नाही. घरोघरी स्वेटर असतात, पण ते कुणीतरी आहेरात दिलेले असतात आणि कपाटाच्या वरच्या खणात डांबराच्या गोळ्यांसोबत पडून असतात. अशा गावच्या माणसावर हिमालयात घालायचं जाकीट निवडायची वेळ आली तर तो कुठे फसतो, हे सांगायला मी बसलो आहे. वाटेत डोंगर, देऊळ, भाकरी हे सगळं येईलच, पण मूळ गोष्ट जाकिटाची आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी एका टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं चेकर आहे. टेबलावर माल येतो, मी त्यावरून हात फिरवतो, कुठे लूप निसटलाय, कुठे काठ ओढला गेलाय ते बघतो, आणि बारा नगांच्या पाकिटावर 'तपासले' असं छापलेलं माझं सात नंबरचं स्टिकर लावतो. आमचं घर विणकरांचं, घरातली भाषा तेलुगू. त्यामुळे माझी मुलगी मानसा मला बाबा न म्हणता नान्ना म्हणते. ती वीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते आणि दोन वर्षांपासून सुट्टी मिळाली की मित्रमैत्रिणींसोबत सह्याद्रीतले किल्ले चढत असते.

तिला गिर्यारोहणाचा महिनाभराचा कोर्स करायचा होता. बर्फातला. फॉर्मवर घरच्यांची सही लागत होती आणि माझी बायको पद्मा सही करायला तयार नव्हती. मानसा दहा वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता, आठ दिवस दवाखान्यात काढले होते. त्या आठ दिवसांतला एकही दिवस पद्मा विसरलेली नाही. शेवटी मायलेकींचा एक तह झाला. दिवाळीनंतर मानसाने उत्तराखंडातल्या चंद्रशिला नावाच्या शिखरावर जाऊन यायचं. नान्ना सोबत जातील आणि ती वर पोहोचलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. थंडी तिच्या छातीला सोसली, तर सही. नाही सोसली, तर फॉर्म फाडायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"आणि जाकीट तुम्ही बघा," पद्मा मला म्हणाली. "कापडातलं तुम्हाला कळतंय की."

नवी पेठ

नोव्हेंबर महिना, दुपारचे बारा, नव्या पेठेत रिक्षा आणि माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि आम्ही बापलेक एका दुकानात घाम पुसत गरम जाकिटं घालून बघतोय. दुकानाचे मालक अन्वरभाई माझ्या ओळखीचे. त्यांनी आधी एक पातळसं जाकीट काढलं. बाहेरून गुळगुळीत, घट्ट विणीचं, हललं की सळसळणारं. आतून बारीक लवेचं अस्तर, ज्याला हल्ली फ्लीस म्हणतात. मानसाला ते बघताक्षणी आवडलं. तिच्या ग्रुपमधल्या एका मुलीकडे असंच होतं म्हणे.

मी ते हातात घेतलं. कापड कळायला माझ्या तीन परीक्षा आहेत, आणि त्या मला माझ्या उस्तादांनी शिकवल्या. पहिली हाताची. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात कापड धरायचं आणि वजन जोखायचं. दुसरी फुंकरेची. कापड ओठांना लावून फुंकायचं, श्वास आरपार गेला पाहिजे, कारण ज्यातून हवा जात नाही तो टॉवेल वाळत नाही. तिसरी पाण्याची. थेंब टाकायचा आणि कापड तो किती लवकर पितं ते बघायचं. उस्ताद म्हणायचे, जे पाणी पीत नाही ते कापड मेलेलं.

पातळ जाकीट हातात कागदासारखं लागलं. ओठांना लावून फुंकलं तर श्वास माघारी माझ्याच तोंडावर आला. अन्वरभाईंकडून पाण्याची बाटली मागून थेंब टाकला, तर तो घरंगळत खाली गेला आणि त्यांच्या गादीवर पडला.

"मेलेलं कापड," मी म्हणालो.

"साब, ये टावेल नै, जाकिट है," अन्वरभाई हसत म्हणाले. "इने पानी पीनाच नक्को. इसीच वास्ते बनाए."

मी ऐकलं नाही. एकतीस वर्षं ज्या हाताने माल पास केला त्याला एक दुकानदार शिकवणार? मी वरच्या फळीवरचं दुसरं जाकीट काढायला लावलं. ते नुसत्या फ्लीसचं होतं, दोन्ही बाजूंनी मेंढीसारखी दाट लव. वजनदार. बोटांनी लव फाकवून बघितली तर तळ दिसत नव्हता. फुंकर आरपार गेली. थेंब टाकला तो बघता बघता आत मुरला. माझ्या टेबलावर आलं असतं तर मी डोळे झाकून स्टिकर लावलं असतं.

"वद्दु नान्ना," मानसा हळूच म्हणाली, म्हणजे नको. "ते पहिलंच बरं वाटतंय मला."

"अगं, हात लाव बघ, ऊब किती आहे."

तिने हात लावला. ऊब होतीच. तिने माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. आम्ही तसलीच दोन घेतली, एक तिला, एक मला.

दुसऱ्या दिवशी मी ते जाकीट कौतुकाने कारखान्यात घेऊन गेलो. फाटकावर मायाप्पा असतो. तो सांगोल्याकडचा धनगर, इथे वॉचमनची नोकरी करतो, भाऊ अजून मेंढरं राखतो. मायाप्पाने जाकीट हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक केले.

"ऊब लई हाय वो साहेब," तो म्हणाला. "पन आडोसा कुटं हाय?"

"म्हणजे?"

"ऊब आतली असती, आडोसा भाईरला. माळावर वारं सुटलं की नुसती ऊब कामाची न्हाय, वारं ती घिऊन जातंय. आमी घोंगडीला चिचुक्याची खळ कशापाई लावतो? भोकं बुजाया. ह्याला तर भोकंच भोकं हायती की."

"मायाप्पा, हे हिमालयासाठी आहे," मी म्हणालो.

"व्हय का? तितं वारं नसतंय का?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. मी हसलो आणि आत गेलो.

चोपता

हरिद्वारपासून पुढचा दीड दिवसाचा वळणावळणांचा रस्ता मी गाळतो. मला गाडी लागते आणि त्यात वाचण्यासारखं काही नाही. उखीमठ मागे टाकून जीप वर चढायला लागली तशी देवदार आणि बुरांसाची झाडं सुरू झाली. बुरांसाला वसंतात लाल फुलं येतात म्हणे, आम्ही गेलो तेव्हा नुसती जाड, काळपट पानं होती. मग एका वळणावर झाडी संपली आणि समोर बर्फाचे डोंगर उभे. मी इतकी वर्षं पांढराशुभ्र माल बघतोय, पण पांढऱ्याची ही जात मला माहीत नव्हती.

चोपता म्हणजे रस्त्याकडेची दहाबारा हॉटेलं, तीही निम्मी बंद. आमचा मुक्काम बलबीरजींकडे होता. पन्नाशीचे गृहस्थ, दोन खोल्या भाड्याने देतात आणि डोंगरावर वाटाड्या म्हणून स्वतः येतात. माझं हिंदी ऐकून ते पहिल्यांदा थबकले. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो होतो, "चाय नक्को, पानी होना." त्यांनी मानसाला विचारलं, आपके पिताजी हैदराबाद के हैं क्या? सोलापूर नाव त्यांनी ऐकलेलं होतं ते चादरीमुळे. मी आमच्याकडची एक चादर सोबत नेली होतीच, ती त्यांच्या खाटेवर अंथरली तेव्हा फार बरं वाटलं.

जेवायला मंडुव्याची रोटी होती. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. वर तूप, सोबत गहतची डाळ, म्हणजे आपले हुलगे, आणि एक करड्या रंगाची चटणी. चटणी मी दोनदा मागून घेतली आणि मग विचारलं कशाची. बलबीरजींच्या पत्नी, भाभीजी, म्हणाल्या, भांग के बीज की. माझा घास हातातच राहिला. बियांनी काही होत नाही, असं म्हणत दोघंही पोट धरून हसली. मी आमची शेंगाचटणी काढून दिली. बलबीरजींनी चिमूटभर तोंडात टाकली आणि मग काही वेळ ते नुसतं पाणी पीत होते.

सकाळी सातला निघायचं होतं. अंगणातल्या बादलीवर बर्फाची पापडी धरली होती. मानसा जाकीट घालून बाहेर आली, हात काखेत घालून नाचायला लागली आणि ओरडली, "चलि, नान्ना! चलि, चलि!"

तेलुगूत चलि म्हणजे थंडी. सोलापुरात हा शब्द वर्षातून पंधरा दिवस लागतो, तेवढ्यापुरता तो आमच्या घरात आहे. बलबीरजींनी मात्र अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि लगबगीने काठी उचलली. "हां बेटी, चलो चलो, बड़ी जल्दी है!" आम्ही बापलेक खूप हसलो. हसण्याच्या नादात त्यांना खरा अर्थ सांगायचा राहून गेला.

तुंगनाथच्या वर

चोपत्यापासून तुंगनाथाचं देऊळ साडेतीन किलोमीटर, सगळी वाट दगडी फरसबंदी, सगळी चढाची. चंद्रशिला त्याच्याही वर दीड किलोमीटर. ऊन निघालं होतं, वारा नव्हता. पहिल्या तासात मानसा माझ्यापुढे शंभर पावलं होती. माझी जाड लव मला उकडायला लागली म्हणून मी जाकीट काढून कमरेला बांधलं. मानसाने काढलं नाही. आईने बजावलं होतं, छाती उघडी ठेवायची नाही. तिचं कपाळ घामाने चमकत होतं आणि आतला घाम ते जाकीट निमूट पीत होतं. ही गोष्ट मला त्या वेळी दिसली नाही, आता लिहिताना दिसते आहे.

दहाच्या सुमारास देवळापाशी पोहोचलो. देऊळ बंद होतं. थंडी सुरू झाली की इथला देव पालखीत बसून खाली मक्कूमठ गावी जातो आणि वैशाखात परत येतो. मला ही पद्धत फार आवडली. आमचे देव बाराही महिने उन्हात असतात, त्यांना कुणी विचारत नाही. बंद दाराला हात जोडले, भिंतीपाशी बसून गूळ आणि शेंगदाणे खाल्ले आणि वर निघालो.

देवळाच्या वर वाट डोंगराच्या उघड्या धारेवर येते. आम्ही तिथे पाय ठेवला आणि वारा लागला. असा वारा मला माहीत नव्हता. आमच्याकडे वारा येतो तो धूळ घेऊन येतो, तोंडाला रुमाल बांधला की भागतं. हा स्वच्छ होता आणि सरळ अंगात शिरत होता. मी कमरेचं जाकीट घाईने चढवलं. काही फरक पडेना. अंगात काही घातलंय की नाही ते चाचपून बघावं असं झालं.

मानसा पुढे थांबली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिची हनुवटी थरथरत होती. "चलि," ती म्हणाली. या वेळी हसत नव्हती.

"शाबाश, चलो!" म्हणून बलबीरजी वळले आणि चढायला लागले. आणि ती पोरगी, तिला वाटलं थांबले तर आईपुढे हरले, ती त्यांच्यामागून निघाली. दहा पावलं, पंधरा पावलं. मग तिचा पाय साध्या दगडाला अडला आणि ती गुडघ्यावर बसली.

मी ओरडलो, "बलबीरजी, इने चलो नै बोल री! थंडी बोल री! हमारे में चलि बोले तो थंडी!"

ते झपाझप खाली आले. तिच्या कॉलरमधून हात घालून पाठ चाचपली आणि त्यांचा चेहरा बदलला. "ये तो अंदर से गीली है." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. तिला दंडाला धरून आम्ही देवळापर्यंत खाली आणलं आणि मागच्या दगडी भिंतीच्या पलीकडे बसवलं. तिथे वारा एकदम थांबला. कुणीतरी दार लावून घ्यावं तसा.

थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला. कप दातांवर वाजत होता. मी पास केलेला तो दाट फ्लीस खांद्यापासून कमरेपर्यंत ओला होता. टॉवेलने टॉवेलचं काम चोख केलं होतं, सगळा घाम पिऊन घेतला होता, आणि मग त्याच ओलाव्यातून वारा घुसवला होता. फुंकर आरपार गेली म्हणून मी खूश झालो होतो. धारेवरचा वारा माझ्या फुंकरेपेक्षा वेगळं काय करणार होता?

चहा संपल्यावर मानसाने माझ्याकडे बघितलं. "नान्ना, खरं सांगा. मी वर पोहोचू नये म्हणून तुम्ही मुद्दाम तर नाही ना हे घेतलं?"

तिने मला थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. तिने कोर्सला जाऊ नये असं मलाही कधी कधी वाटायचं, हे खोटं नाही. पण जाकीट मी भीतीने निवडलं नव्हतं. भीती असती तर चार माणसांना विचारलं असतं. ते मी घमेंडीत निवडलं, आणि त्या घमेंडीत दोन माणसांचं बोलणं कानाआड केलं. एक दुकानदार आणि एक धनगर. दोघांनी मला एकेका वाक्यात सगळं सांगितलं होतं.

"मुद्दाम नाही गं," एवढंच शेवटी म्हणालो. "चुकलो."

बलबीरजी म्हणाले, खाली जाऊ. मानसाने मान खाली घातली. त्या झुकलेल्या मानेकडे बघून मी माझी पिशवी उघडली. कोरडे मोजे आणि तिचा एक जादा शर्ट मी कारखान्यातल्या एका पाकिटात गुंडाळून आणले होते. अंगभर पंचांचं, डझनाचं, जाड प्लास्टिकचं मोठं पाकीट. आमच्याकडे प्रवासाला निघताना कपडे अशा पाकिटातच जातात. मी ते रिकामं केलं आणि बलबीरजींकडे सुरी मागितली.

भिंतीआड तिने ओला शर्ट बदलून कोरडा घातला. वर माझं जाकीट, ते मी चढभर कमरेला बांधल्यामुळे कोरडं होतं. आणि त्याच्यावर ते पाकीट, डोक्यासाठी एक आणि हातांसाठी दोन भोकं पाडलेलं. बलबीरजींनी स्वतःचा मफलर तिच्या कानांना बांधला. मग तिला धारेच्या तोंडापर्यंत नेऊन दोन मिनिटं वाऱ्यात उभं केलं, बोलतं केलं, बोटं हलवायला लावली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "नान्ना, वारा लागत नाही."

"धीरे जाएंगे," बलबीरजी म्हणाले. "कांपी तो वापस." मी येणार नव्हतो हे उघड होतं. दुसरं पाकीट नव्हतं आणि माझ्याकडे तिचं ओलं जाकीट होतं.

ती दोघं दिसेनाशी झाली. मी भिंतीआड परत आलो, ते जाकीट उन्हात दगडावर पसरलं, चादर असती तर बरं झालं असतं असं म्हणत अंगातल्या नुसत्या स्वेटरवर बसून राहिलो. तासाभराने जाकीट बरंच वाळलं. घातलं तर काय सांगू, झक्क ऊब! तेच जाकीट, तोच डोंगर, फक्त मध्ये एक भिंत. 'आडोसा कुटं हाय' म्हणणारा मायाप्पा मला तिथे, सोलापूरपासून इतक्या लांब, पुरता समजला.

दोन तासांनी ती खाली उतरताना दिसली. लांबून आधी पाकीट चमकलं. तिचे गाल लाल झाले होते आणि ती धापा टाकत नंदादेवी, त्रिशूळ, चौखंबा अशी नावं एका दमात सांगत होती. मी ऐकता ऐकता तिच्या गळ्यापाशी हात घातला. पाकिटाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले होते. प्लास्टिकने वारा अडवला होता, पण घामही अडवला होता. आणखी दोन तास चालली असती तर पुन्हा भिजली असती.

चोपत्याला उतरून रोटी खाताना बलबीरजींनी स्वतःचं जाकीट माझ्या मांडीवर टाकलं. नऊ वर्षांचं जुनं. बाहेरून घट्ट विणीचं, आतून पातळ लव, अन्वरभाईंनी काढलेल्याचंच थोरलं भावंड. गळ्यापर्यंत जाणारी चेन आणि चेनच्या मागे कापडाची पट्टी, म्हणजे दातांमधून वारा येत नाही. मनगटाला आवळायची सोय. काखेत आणखी दोन चेना, चढावर उघडायच्या, घाम जाऊ द्यायचा. टोपी अशी की मान वळली की सोबत वळते. त्यांचं म्हणणं होतं की जाड एक घेऊ नये, आत पातळ दोन घालावे आणि वरचं वारा अडवणारं असावं. मी ते उलटसुलट करून बघितलं. शिवण, पट्टी, अस्तर. पहिल्यांदाच एखादं कापड मी माझ्या परीक्षा बाजूला ठेवून बघत होतो.

परत

पद्माने दारातच विचारलं. मानसाच्या छातीला कान लावून झाल्यावर माझ्याकडे वळली. "गेली ती वर? डोळ्यांनी बघितलंत?"

ठरलं होतं ते तेच. खोटं बोललो असतो तर तिला कळलंही नसतं. "नाही," मी म्हणालो. "मी देवळामागे बसलो होतो." आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. थेंब, फुंकर, मायाप्पा, ओलं जाकीट, पोरीचा प्रश्नसुद्धा. पद्माचा चेहरा उतरत गेला. मानसा भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, झालं, फॉर्म गेला.

पद्माने हात पुढे केला. "फोटो दाखव."

मानसाने मोबाइल दिला. मागे बर्फाची रांग, शिखरावरचं इवलंसं दगडी देऊळ, आणि पुढे डोक्याला मफलर आणि अंगात टॉवेलचं पाकीट घातलेली आमची मुलगी, दोन्ही हात वर. पद्माने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

"हे छातीवर काय चिकटलंय?"

मी चष्मा लावून वाकलो. गडबडीत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाकिटावर माझं स्टिकर तसंच होतं. तपासले, सात नंबर.

पद्माला हसू फुटलं, आणि हसता हसता ती पदराने डोळे पुसायला लागली. आत जाऊन फॉर्म घेऊन आली आणि फ्रिजवर ठेवून सही केली.

"पण जाकीट तिचं ती निवडेल," ती मला म्हणाली. "तुम्ही हात लावायचा नाही."

म्हणून परवा पुन्हा नव्या पेठेत गेलो तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. अन्वरभाईंनी काही न विचारता तेच पातळ जाकीट काढलं. मानसाने एक माप मोठं मागितलं, आत दोन कपडे मावावेत म्हणून. टोपी ओढून मान वळवून बघितली. कडा धरायला हात उचलतात तसे दोन्ही हात वर केले, कंबर उघडी पडते का पाहिलं. मनगटं आवळली. चेनमागची पट्टी चाचपली. काखेतल्या चेना दोनदा उघडल्या, दोनदा लावल्या. मग अंगातून काढून माझ्या तोंडासमोर धरलं.

"फुंका नान्ना."

मी फुंकलं. श्वास परत माझ्याच तोंडावर आला, गरम.

अन्वरभाईंनी बाटली उघडून थेंब टाकला. तो घरंगळत खाली गेला. "मेलेलं कापड क्या साब?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आडोसा हाय."

शर्टाच्या खिशात माझी स्टिकरं कायम असतात. एक सोडवून मी जाकिटाच्या छातीवर लावलं आणि अंगठ्याने दाबलं. ते सुटून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पाणी न पिणारं कापड डिंकही धरत नाही.

मानसाने वाकून ते जमिनीवरून उचललं, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चेन लावून घेतली.